रिकाम्या यादीची बेरीज

प्रोग्रॅमिंग शिकायला लागलेल्या माणसाला सुरुवातीला जे सराव दिले जातात, ते दिसायला फारच किरकोळ असतात. यादीतल्या आकड्यांची बेरीज करा. सगळ्यात मोठा आकडा शोधा. सम संख्या वेगळ्या काढा. अमुक नाव यादीत आहे का ते सांगा. शिकणाऱ्याला वाटतं, हे तर नुसतं बघूनही सांगता येईल, मला ॲप बनवायचंय, वेबसाइट बनवायचीय. मग तो हे सराव भराभर उरकतो आणि पुढे सरकतो. नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांचा कोड बघण्यात माझा बराच वेळ जातो, आणि मला आता अगदी ठामपणे वाटतं की या किरकोळ सरावांना जितका वेळ द्यावा तितका थोडा आहे. पुढे डेटाबेसपर्यंत, म्हणजे नोंदी कायम साठवणाऱ्या व्यवस्थेपर्यंत, पोचल्यावर माणूस जिथे अडतो, त्याचं मूळ बहुतेकदा याच सरावांमध्ये कुठेतरी नीट न बघता ओलांडलेलं असतं.

बेरीजच घेऊ. यादीत चार आकडे आहेत: ७, ३, १२, ५. 'बेरीज' नावाचं व्हेरिएबल (किंमत ठेवायची जागा), त्यात सुरुवातीला ०. मग लूप, म्हणजे तेच काम फेरीफेरीने करणारा कोड: एकेक आकडा घ्यायचा आणि बेरजेत मिळवायचा. मोजून चार ओळींचा कोड. रन केला की २७ येतात आणि शिकणारा पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मी तिथे थांबायला सांगतो आणि कागद पुढे करतो. कागदावर दोन रकाने आखायचे, एक 'आकडा', दुसरा 'बेरीज'. पहिली फेरी: ७ आणि ७. दुसरी: ३ आणि १०. तिसरी: १२ आणि २२. चौथी: ५ आणि २७. याला ड्राय रन म्हणतात. परीक्षेत विचारतात म्हणून अनेकांनी तो कधीतरी केलेला असतो, पण स्वतःचा कोड समजून घ्यायला फार थोडे जण तो वापरतात.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. बेरीज शून्य करणारी ओळ उचलून लूपच्या आत ठेवायची आणि रन करण्याआधी उत्तर लिहायचं. आता प्रत्येक फेरीत बेरीज पुन्हा शून्य होते, म्हणून शेवटी हातात फक्त ५ उरतात. मग ती ओळ परत बाहेर, आणि प्रिंटची ओळ आत. आता एका उत्तराऐवजी चार ओळी छापल्या जातात: ७, १०, २२, २७. मग हाच कोड एका फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात, टाकायचा आणि रिटर्नची (उत्तर देऊन बाहेर पडण्याची) ओळ लूपच्या आत ठेवायची. पहिल्याच फेरीत फंक्शन ७ घेऊन बाहेर पडतं, बाकीच्या तीन आकड्यांकडे ते बघतही नाही. ओळी त्याच आहेत, शब्दही तेच, फक्त एक ओळ आतबाहेर झाली आणि चार वेगवेगळी उत्तरं आली. पायथन या भाषेत तर ओळ आत आहे की बाहेर हे डावीकडच्या मोकळ्या जागेवरूनच ठरतं. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये ती भाषा जगासमोर ठेवली तेव्हापासूनचा हा नियम आहे. काही जणांना तो जाचक वाटतो. मला तो शिकणाऱ्याच्या बाजूचा वाटतो, कारण कोडचा जो अर्थ आहे तो दिसायलाही तसाच दिसतो.

उत्तर आधी लिहायचं आणि मग रन करायचं, हा क्रम मी कधीच सोडू देत नाही. आधी रन करून मग 'हो, असंच होणार होतं' म्हणणं फार सोपं असतं, त्यातून काहीच हाती लागत नाही. आधी लिहिलेलं उत्तर चुकलं तर मात्र नेमकं कळतं की आपल्या डोक्यातला लूप आणि मशीनमधला लूप कितव्या फेरीला वेगळे झाले. आता तर विचारल्याबरोबर तयार कोड लिहून देणारी साधनं सगळ्यांच्या हाताशी आहेत. त्यांचा वापर करू नका असं मी म्हणत नाही. पण तो कोड तिसऱ्या फेरीत काय करतोय हे ज्याला कागदावर मांडता येत नाही, त्याला तो बरोबर आहे की नाही हेही सांगता येणार नाही.

यादी शून्यापासून मोजायची, याचा सुरुवातीला सगळ्यांनाच त्रास होतो. चार आकड्यांच्या यादीत इंडेक्स, म्हणजे घरांचे क्रमांक, ०, १, २, ३ असे असतात आणि ४ मागितला की एरर येते. फोरट्रान या जुन्या भाषेत यादी एकपासून मोजली जाई, आजही आर आणि जुलिया या भाषा एकपासूनच मोजतात, म्हणजे शून्य हा काही निसर्गनियम नाही. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये हाताने लिहिलेल्या एका छोट्या टिपणात शून्याची बाजू मांडली होती. सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा, असं ठरवलं की शेवटातून सुरुवात वजा केल्यावर थेट लांबी मिळते. ० पासून ४ च्या आधीपर्यंत चार घरं. शिवाय ० ते ४ आणि ४ ते १० असे दोन तुकडे जोडले तर मध्ये फट राहत नाही आणि एकही घर दोनदा येत नाही. हे कारण एकदा समजलं की पाठांतराची गरज उरत नाही.

इंडेक्सच्या बाबतीत एररची भीती वाटते, पण माझ्या मते एरर न येणं जास्त घातक असतं. एक सराव मला फार आवडतो: यादीत आकडा मागच्या आकड्यापेक्षा वाढला असं किती वेळा घडलं? आपल्या यादीत ७, ३, १२, ५ यात फक्त ३ वरून १२ वर जाताना वाढ आहे, म्हणजे उत्तर १. लूप इंडेक्सवर फिरवायचा आणि प्रत्येक घराची मागच्या घराशी तुलना करायची. शिकणारा सवयीने इंडेक्स ० पासून सुरू करतो. ० च्या मागचं घर म्हणजे उणे १. पायथनमध्ये उणे १ याचा अर्थ शेवटचं घर. म्हणजे पहिल्या फेरीत ७ ची तुलना होते शेवटच्या ५ शी, ७ मोठा निघतो आणि उत्तर येतं २. कुठेही लाल अक्षरं नाहीत, प्रोग्रॅम सुरळीत संपलाय, आणि उत्तर चूक. चार आकडे होते म्हणून डोळ्यांना दिसलं. चाळीस हजार असते तर कोणाला कळलं असतं? छोट्या यादीवर सराव करण्याचं मोल इथे आहे. छोट्या यादीचं उत्तर आपल्याला स्वतःला काढता येतं, आणि म्हणून मशीनला जाब विचारता येतो.

आता सगळ्यात मोठा आकडा. बेरजेच्या सवयीने 'मोठा' या व्हेरिएबलमध्ये सुरुवातीला ० टाकला जातो. ७, ३, १२, ५ या यादीवर सगळं छान चालतं. मग मी यादी बदलून देतो: उणे ४, उणे ९, उणे २. उत्तर येतं ०, आणि ० तर यादीत कुठेच नाही. चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ दिसतो, आणि मग शिकणारा स्वतःच शोधून काढतो की सुरुवातीला यादीतलाच पहिला आकडा घ्यायला हवा. तो शोध त्याचा स्वतःचा असतो, त्याचा आनंद बघण्यासारखा असतो.

आणि मग मी रिकामी यादी देतो.

रिकाम्या यादीत पहिला आकडाच नाही, तो घेणार कुठून? शिकणारा म्हणतो, रिकाम्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा विचारण्यात अर्थच नाही. त्याचं बरोबर आहे. पायथनचंही हेच मत आहे, त्याच्या मॅक्स फंक्शनला रिकामी यादी दिली की व्हॅल्यू एरर येते. पण बेरजेच्या फंक्शनला तीच रिकामी यादी दिली तर ते मुकाट्याने ० देतं. एकाला अर्थ आहे आणि दुसऱ्याला नाही, असं का? मला हा प्रश्न इतका आवडतो की यावर मी कितीही वेळ बोलू शकतो. एखाद्या यादीचे कुठेही दोन तुकडे करा, दोघांच्या वेगळ्या बेरजा काढा आणि त्या मिळवा, उत्तर तेच यायला हवं. आता एक तुकडा पूर्ण यादीचा आणि दुसरा रिकामा असा केला, तर रिकाम्याची बेरीज ० असल्याशिवाय हिशेब जुळणार नाही. गुणाकारासाठी हाच विचार केला तर रिकाम्या यादीचा गुणाकार १ येतो. सगळ्यात मोठ्या आकड्यासाठी मात्र असा आकडा सापडत नाही, कारण सगळ्यांपेक्षा लहान असा पूर्णांकच नाही. सरासरीत तर शून्याने भागायची वेळ येते.

याहून विचित्र वाटणारं उदाहरण: रिकाम्या यादीतले सगळे आकडे सम आहेत का? पायथन म्हणतं, हो. मग सगळे विषम आहेत का? त्यालाही हो. शिकणारा वैतागतो. पण 'सगळे सम आहेत' हे खोटं ठरवायला एक तरी विषम आकडा समोर आणावा लागतो, आणि इथे आणायला काहीच नाही. लूप एकदाही फिरत नाही, म्हणून सुरुवातीला धरलेलं 'खरं' तसंच राहतं. ड्राय रनचा कागद इथे कोराच असतो आणि उत्तर म्हणजे फक्त सुरुवातीची किंमत. एकदाही न फिरणारा लूप हा माझ्या दृष्टीने सगळ्यात शिकवणारा लूप आहे. व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत सवयीने टाकायची नसते, ती ठरवायची असते, हे तो जितकं स्पष्ट करतो तितकं दुसरं काही करत नाही.

दुसरा एक सराव असाच मन लावून करण्यासारखा आहे: यादीतून सम संख्या काढून टाका. यादी २, ४, ६, ७. नैसर्गिकपणे सुचतो तो कोड असा: यादीवर लूप फिरवायचा, आकडा सम असला की त्याच यादीतून तो काढायचा. उरायला हवा फक्त ७. स्क्रीनवर येतं ४, ७.

"दादा, चार सम नाही का?" एका मुलीने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं. तिने सम ओळखण्याची अट तीनदा तपासली होती. अट बरोबरच होती.

"अट सोड. प्रत्येक फेरीत यादी कशी दिसतेय ते लिही."

तिने लिहायला घेतलं. लूप यादीवर बोट ठेवून चालतो असं समजा, आणि त्या बोटाला फक्त घराचा क्रमांक माहीत असतो. बोट घर ० वर, तिथे २. काढला. यादी झाली ४, ६, ७, म्हणजे सगळे एक घर डावीकडे सरकले आणि ४ आला घर ० मध्ये. पण बोट आता पुढे गेलंय, घर १ वर. तिथे आहे ६. तो काढला. यादी उरली ४, ७. बोट जातं घर २ वर, तिथे काहीच नाही, लूप संपला. ४ च्या घरावर बोट कधी आलंच नाही. तिसरी ओळ लिहिताना तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, "म्हणजे चारला कुणी विचारलंच नाही." यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मला सुचलं नसतं.

जावा या भाषेत असं करायला गेलं तर बहुतेकदा भाषाच एरर देऊन अडवते. पायथन अडवत नाही. उपाय साधा आहे, जे ठेवायचे ते आकडे नव्या यादीत गोळा करायचे आणि जुनी यादी फिरत असताना तिला हात लावायचा नाही. पण उपाय आधी सांगितला तर तो नियम म्हणून लक्षात राहतो आणि काही दिवसांत विसरला जातो. सरकलेली घरं स्वतः लिहून काढलेला माणूस तो विसरत नाही.

लूपच्या आत लूप हा विषय मी इथे फार लांबवत नाही. एवढंच सांगतो की १००० नावांच्या यादीत कोणतं नाव दोनदा आलंय ते शोधायला प्रत्येकाची बाकीच्यांशी तुलना केली तर ४,९९,५०० तुलना होतात. हा आकडा शिकणाऱ्याने स्वतः काढावा. मोठी यादी हळू का चालते, याचं उत्तर त्याला दुसऱ्या कुणी द्यावं लागत नाही.

इथपर्यंत आलं की नोंदींकडे वळायची वेळ होते. नुसत्या आकड्यांच्या जागी आता एकेका वस्तूबद्दल चार-पाच गोष्टी एकत्र ठेवायच्या असतात. वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांच्या नोंदी घेऊ: सभासद, पुस्तक, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. पायथनमध्ये प्रत्येक नोंद म्हणजे एक डिक्शनरी (नाव आणि त्यापुढे किंमत अशा जोड्या) आणि सगळ्या नोंदी म्हणजे डिक्शनऱ्यांची यादी. बेरीज, मोजणी, शोध हे सगळे जुने सराव यावर पुन्हा करता येतात, आणि करावेतच. फक्त प्रोग्रॅम बंद केला की यादी नाहीशी होते. ती टिकवायची गरज स्वतःला जाणवली की मग डेटाबेस.

सुरुवात करायला एसक्यूलाइट या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरसारखं दुसरं काही नाही. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये ते तयार केलं. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, आणि २००६ च्या पायथन २.५ पासून ते वापरण्याचं मॉड्यूल पायथनबरोबरच येतं. खिशातल्या स्मार्टफोनमध्येही ते बसलेलं असतं. सरावासाठी म्हणून केलेलं हे खेळणं नाही, याचा शिकणाऱ्याला फार धीर वाटतो.

टेबलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यात, रेकॉर्ड (नोंदी) टाकले, सिलेक्ट ही आज्ञा देऊन परत मागवले, की शिकणाऱ्याला वाटतं ही यादीच आहे, फक्त फाइलमध्ये ठेवलेली. आणि इथे मला पुन्हा थांबवावंसं वाटतं. यादीला क्रम असतो, पहिलं घर, दुसरं घर, शेवटचं घर. टेबलला क्रम नसतो. एडगर कॉड हे आयबीएममध्ये संशोधक होते. त्यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांमध्ये ठेवण्याची पद्धत, मांडलं तेव्हाच ओळींच्या क्रमाला काही अर्थ नाही हे त्यात स्पष्ट केलं होतं. ऑर्डर बाय (क्रम ठरवणारा भाग) न लिहिता मागवलेले रेकॉर्ड ज्या क्रमाने टाकले त्याच क्रमाने येतील, असं वचन डेटाबेस देत नाही. छोट्या टेबलवर ते बहुतेक वेळा तसेच येतात, म्हणून माणूस त्यावर विसंबतो. पुढे एखादा इंडेक्स (इथे याचा अर्थ शोध लवकर व्हावा म्हणून ठेवलेली सूची) जोडला, काही रेकॉर्ड काढले, नवे टाकले, की क्रम बदलू शकतो. 'तिसरी नोंद' हे यादीत बरोबर आहे. टेबलमध्ये ती कशावरून तिसरी हे आपणच सांगावं लागतं, नाहीतर सरळ तिच्या प्रायमरी कीने, म्हणजे फक्त तिच्याच ओळखक्रमांकाने, ती मागावी लागते.

दुसरा बदल याहून खोल आहे. लूपमध्ये आपण कसं करायचं ते सांगतो: पहिला घे, तपास, मोज, पुढचा घे. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, आपण काय हवं तेवढंच सांगतो. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी क्वेरीची भाषा मांडली आणि जिची पुढे एसक्यूएल झाली, तिचा गाभाच हा आहे. परत न आलेली पुस्तकं हवीत एवढं म्हणायचं, फेऱ्या कशा मारायच्या ते डेटाबेस बघेल. नुकता लूप हातात बसलेल्या माणसाला हे जड जातं. तो सगळं टेबल पायथनमध्ये ओढून आणतो आणि मग लूप लावून एकेक तपासतो. किंवा आधी सभासदांची यादी मागवतो आणि प्रत्येक सभासदासाठी लूपमध्ये वेगळी क्वेरी चालवतो, म्हणजे १०० सभासदांसाठी १०१ क्वेऱ्या. यावरून शिकणाऱ्याला रागावणारे लोक मी पाहिलेत, आणि मला ते पटत नाही. लूपने काढलेलं उत्तर बरोबर असतं. आधी ते तसं काढावं, मग तेच एका क्वेरीने काढावं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघावं. ज्याने लूप लिहिलाय त्यालाच व्हेअर, म्हणजे क्वेरीतली अट, आपल्यासाठी नेमकं काय करतोय ते दिसतं.

मग येतो नल, म्हणजे 'इथे किंमतच नाही' अशी खूण. पाच नोंदी घ्या. त्यांतलं एक पुस्तक ५ मार्चला परत आलं, दोन इतर दिवशी, आणि दोन अजून आलेली नाहीत, त्यांची परतीची तारीख नल. आता विचारा: परतीची तारीख ५ मार्च असलेल्या नोंदी किती? एक. परतीची तारीख ५ मार्च नसलेल्या किती? शिकणारा म्हणतो चार. डेटाबेस म्हणतो दोन. एक आणि दोन तीन, आणि टेबलमध्ये पाच नोंदी आहेत. दोन नोंदी दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांतून गळल्या. कारण नलशी कोणतीही तुलना केली तर उत्तर खरंही येत नाही आणि खोटंही नाही, ते 'अज्ञात' येतं, आणि व्हेअर फक्त खरं असलेल्यांना आत घेतो. परतीची तारीख बरोबर नल अशी अट लिहिली तरी एकही ओळ येत नाही, तिथे 'इज नल' असंच लिहावं लागतं. हा सराव मी कधीच वगळत नाही. प्रत्येक अटीनंतर तिची उलटी अट लावायची, दोन्हींची मोजणी मिळवायची आणि एकूण नोंदींशी ताडून बघायची. जुळलं नाही तर नल कुठे आहेत ते शोधायचं.

आणि रिकामं टेबल? तिथे ओळी मोजणारा काउंट ० देतो, मॅक्स नल देतो, आणि एसक्यूएलची बेरीजसुद्धा नल देते. पायथनने ज्याला ० म्हटलं त्याला एसक्यूएल नल म्हणतं. त्या नलमध्ये पुढे १० मिळवले तर उत्तर १० येत नाही, नलच येतं, आणि अहवालातला एकूण आकडा कोरा दिसतो. एसक्यूलाइट करणाऱ्यांना हे इतकं गैरसोयीचं वाटलं की त्यांनी टोटल नावाचं वेगळं फंक्शन ठेवलं, ते रिकाम्यावर ०.० देतं. इतर ठिकाणी कोअलेस वापरून नलच्या जागी ० धरावा लागतो. यादीच्या सरावात रिकाम्या यादीवर थांबलेला माणूस इथे पोचल्यावर गडबडत नाही. त्याला प्रश्न ओळखीचा असतो, फक्त उत्तर वेगळं मिळालेलं असतं, आणि दोन्ही उत्तरं कोणीतरी विचार करून निवडलीत हे त्याला माहीत असतं.

रेकॉर्ड बदलण्याच्या सरावात माझा एकच आग्रह असतो. अपडेट किंवा डिलीट लिहिण्याआधी तीच व्हेअरची अट लावून सिलेक्ट चालवायचं आणि किती ओळी येतात ते बघायचं. एक बदलायची असेल आणि तीन दिसल्या, तर हात तिथेच थांबतो. व्हेअर लिहायचाच राहिला तर टेबलमधली प्रत्येक ओळ बदलते, आणि डेटाबेस खात्री करून घ्यायला विचारत बसत नाही. ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द होणारे बदल) सुरू करायचं, बदल करायचा, बघायचं आणि मुद्दाम रोलबॅक करायचं, म्हणजे बदल मागे घ्यायचा, हेही सरावात दोन-चार वेळा करून घ्यावं. सगळं पूर्ववत झालेलं एकदा पाहिलं की भीती जाते आणि काळजी तेवढी राहते, आणि मला तेच हवं असतं.

शेवटी एक सराव, ज्यात हे सगळं एकत्र येतं. तीन सभासद. पहिल्याने दोन पुस्तकं नेली, दुसऱ्याने एक, तिसऱ्याने एकही नाही. प्रत्येकाने किती नेली ते काढा. आधी पायथनमध्ये: नेलेल्या पुस्तकांच्या नोंदींवर लूप फिरवायचा आणि डिक्शनरीत सभासदाच्या नावापुढे एकेक वाढवायचा. उत्तरात दोनच नावं येतात. तिसऱ्याची एकही नोंद नाही, म्हणून लूप त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. सभासदांच्या यादीवरून आधी प्रत्येकासाठी ० मांडून घेतला तरच तो दिसतो. मग हेच एसक्यूएलमध्ये: दोन टेबलं साध्या जॉइनने (दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणाऱ्या) जोडली आणि ग्रुप बाय करून सभासदवार गट केले, पुन्हा दोनच नावं. लेफ्ट जॉइन केलं, म्हणजे जुळणारी नोंद नसली तरी सगळे सभासद ठेवले, तर तिसरा येतो, पण काउंटच्या कंसात तारका असेल तर त्याच्यासमोर येतो १.

एकही पुस्तक न नेलेल्याच्या नावावर एक पुस्तक! अशा वेळी कागद काढायचा आणि जॉइन झाल्यावर टेबल कसं दिसतं ते लिहायचं. पहिल्याच्या दोन ओळी, दुसऱ्याची एक, आणि तिसऱ्याचीही एक, पण तिच्यात पुस्तकाच्या सगळ्या रकान्यांत नल. तारका ओळी मोजते आणि ओळ तर आहे. तारकेच्या जागी पुस्तकाच्या क्रमांकाचा कॉलम लिहिला की काउंट नल वगळतो आणि तिसऱ्यासमोर ० येतो. तो आला की मी लगेच पुढचं काम देतो: ज्यांच्यासमोर ० आहे, फक्त त्यांचीच नावं काढ, एकदा लूपने आणि एकदा क्वेरीने, आणि रन करायच्या आधी उत्तर लिही.